आधी ताट, मग बाटली

थंडीत सुरतेजवळच्या इच्छापोरला मावसभावाकडे गेलं की पोंक ठरलेला. हजिरा रस्त्यावरून आणलेली पुडी सोडली की भाजक्या कोवळ्या ज्वारीचा दुधाळ वास घरभर पसरतो. वर लिंबू-मिरीची शेव, बाजूला साखरेचे दाणे आणि कढईतून नुकते निथळलेले पोंकवडे. आपला हुरडाच हा. आपल्याकडे हुरड्याच्या एका वाणाला म्हणतातच मुळी ‘सुरती’.

भावाचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. ताटावर बसता बसता त्यानं विचारलं, “काका, हलकी फसफसणारी इटालियन वाइन कशाबरोबर द्यायची? आम्हाला पास्ता आणि चीज सांगतात.”

म्हटलं, तुझ्या पुढ्यात आहे त्याच्याबरोबर.

या वाइनला इटलीत फ्रिझान्ते म्हणतात. शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा बार दाब असतो, हिच्यात एक ते अडीच. बूच उडत नाही, फेसाचे फवारे नाहीत, जिभेवर नुसती चुरचुर. बोलोन्याच्या टेकड्यांवर पिन्योलेत्तो नावाची अशी पांढरी वाइन होते. तिथले लोक ती पितात तळून टम्म फुगलेल्या पिठाच्या तुकड्यांबरोबर आणि खारवलेल्या मांसाच्या चकत्यांबरोबर. थोडक्यात, पुरी आणि खारं. तळणीचा तेलकटपणा आंबट घोटानं आणि बुडबुड्यांनी धुऊन निघतो, पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. जे पुरीला चालतं ते भज्याला, कोथिंबीरवडीला, पोंकवड्याला चालणारच. मग आपल्या हॉटेलांच्या वाइनच्या कार्डावर कोथिंबीरवडी का नसते?

तिखटाची गोष्ट वेगळी. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, गोडी ती शमवते. म्हणून हिरव्या लसणीच्या झणझणीत वड्याला पिएमोंतेची मोस्काटो दास्ती द्यावी. तिच्यात अल्कोहोल जेमतेम पाच टक्के. आंबवण मधेच थंड करून थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची साखर शिल्लक राहते. सहा ते आठ अंशांवर गार हवी.

आणि लग्नाच्या हॉलवाल्यांनी एवढं ऐकावंच: गुलाबजामाबरोबर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, प्रोसेक्को वाइन देऊ नका. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन नुसती आंबटढाण लागते. तूप-माव्याच्या सुरती घारीपुढे तर मोस्काटोही टिकायची नाही.

आपल्याकडे वाइनची सोय घरच्या घरी आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला २००७ मध्ये मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावाभावांच्या तीन जोड्यांनी फ्रातेल्ली ही वायनरी काढली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. त्याच जिल्ह्याची ज्वारी आपण थंडीभर हुरड्याला भाजतो, आणि हुरडा संपत येतो तेव्हा वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते. एकाच मातीत, एकाच मोसमात दोन्ही तयार. तरी हुरडा पार्टीत ती बाटली दिसत नाही. सोलापूर-नाशिकच्या आयोजकांनी यंदा शेंगदाण्याच्या चटणीशेजारी एक गार, हलकी फसफसती पांढरी वाइन ठेवून पाहावी.

इच्छापोरला मात्र नाही. गुजरातेत दारूबंदी आहे आणि पाहुण्यानं यजमानाच्या राज्याचा कायदा पाळायचा असतो. म्हणून आमच्या ताटाशेजारी आली सोस्यो. १९२०च्या दशकात स्वदेशीच्या वाऱ्यात सुरतेच्या अब्बास हजुरींनी विलायती विम्टोला उत्तर म्हणून काढलेलं हे पेय. चवीला सफरचंद-द्राक्षाच्या सायडरची आठवण, अल्कोहोलचा थेंब नाही. नाव ‘सोबती’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतलं असं सांगतात.

पुतण्यानं वडा खाल्ला, घोट घेतला, पुन्हा वडा उचलला. “जीभ साफ होते, काका,” तो म्हणाला. झाला त्याचा धडा. घासाला सोबत करते ती जोडी. ती इटलीहून आलेली असो की सुरतेच्या सोड्याच्या कारखान्यातून.