पुट्टीवाले नाना

छत्रीबागेतल्या होळकरांच्या छत्र्या दगडी आहेत आणि इंदूरच्या जुन्या वस्तीत जे मराठी वाडे उरलेत, ते लाकडी सांगाड्यावर उभे आहेत. म्हणजे गेलेल्यांची सोय पक्की, राहिलेल्यांची कुजणारी. अशा प्रत्येक वाड्यात एक नाना असतात. भिंतीला फुगवटा आला की ते सुताराला बोलावत नाहीत, पुट्टीचा डबा उघडतात. फुगवट्यामागे सागवानी खांब आहे, त्याचा पाय तळखड्यावर टेकलेला आहे आणि तो पाय बोटाने खरवडला तरी भुसा होऊन हातात येईल, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणूनच ते बोट लावत नाहीत. पुट्टी, त्यावर सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइल पेंट, आणि भिंतीकडे बघत पोहे-जिलेबी.

नानांचा सिद्धांत असा, की लाकूड म्हातारं झालं की कुजणारच. हा लाकडावर अन्याय आहे. कुजवते ती बुरशी, आणि तिला पाणी लागतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या आत राहिला तर तिचा संसार बसत नाही. कोरडा राहिलेला सागवान नानांच्या नातवालाही पुरून उरेल. तेव्हा खांबाचा पाय कुजला याचा अर्थ पन्हळ फुटलंय, कौल सरकलंय किंवा पलीकडची मोरी झिरपतेय. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल निदान बाहेर तरी पडत असे. सिमेंट आणि ऑइल पेंटने नाना तिला आत कोंडतात. यात ते एकटे नाहीत. अमेरिकेतल्या जुन्या फिरत्या घरगाड्यांची भिंत म्हणजे बऱ्याचदा लाकडी चौकट आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. खिडकीच्या फटीतून पाणी शिरतं, बाहेरून गाडी झकास दिसते आणि आत चौकटीचा चिखल होतो. तिथल्या नानांच्या हातात पुट्टीऐवजी सिलिकॉनची नळी असते, एवढाच फरक.

नाना कंजूष आहेत, असं सगळे म्हणतात. पटत नाही. वर्षानुवर्षांच्या पुट्टी-पेंटचा हिशेब मांडला तर त्यात सुतार, गवंडी आणि सागाचा तुकडा आरामात बसेल. नाना खर्चाला भीत नाहीत, समजण्याला भितात. भिंत फोडली की खांब दिसणार. खांब दिसला की काही ठरवावं लागणार. आणि ठरवायचं तर पुण्यातला भाऊ, न्यू जर्सीतला पुतण्या आणि सह्या न करण्यासाठीच जन्मलेली एक आत्या, या सगळ्या हिस्सेदारांना विचारावं लागणार. पुट्टीला कुणाची सही लागत नाही. त्या डब्यात घराण्याची शांतता भरलेली असते, आणि ही काही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. वाटणीवरून तुटलेली घरं कुजलेल्या खांबांपेक्षा जास्त असतील.

यावर नानांचा हुकमी प्रश्न: इतकी वर्षं उभी आहे ना भिंत? आहे. पण एक खांब खचला की त्याचा भार तुळईवरून शेजारच्या खांबांवर जातो. ते बिचारे तक्रार करत नाहीत, म्हणून भिंत ठणठणीत ठरते. त्यांचा दुसरा दाखला इंदूरच्याच राजवाड्याचा: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि १९८४च्या आगीत त्याची काय दशा झाली! खरंय, पण आग आरडाओरडा करत येते, सगळं गाव धावतं. ओलीला कोण धावणार? आणि भिंत उघडली म्हणजे वाडा पाडावा लागतो, हीही समजूतच. आधी गळती बंद करायची, तुळईखाली धिरा देऊन भार उचलायचा, खांब निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि त्याला नवा पाय सांधायचा. वरचा सगळा जुना खांब तसाच राहतो.

हे सगळं नानांना तत्त्वतः मान्य आहे. भिंत उघडायलाही त्यांची ना नाही. फक्त सुरुवात चुलतभावाच्या बाजूने व्हावी, कारण ओल तिकडूनच येते.