निवेदनकाका

आमच्या पेठेत निवेदनकाकांना चुकवून मंडईत जाता येत नाही. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात कार्बन पेपर (झेरॉक्सवाल्यावर विश्वास नाही) आणि तोंडात एकच प्रश्न, "पोच घेतलीत का?" भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले, तेव्हाही दुसऱ्या प्रतीवर माझी सही घेऊन गेले.

त्यांचं दैवत सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायला निदान पन्नास जणांचं मुखत्यारपत्र लागे. "राज्य इंग्रजांचं, मतपेटीचं नाव नाही, पण साहेबासमोर बोलणारा माणूस पन्नासांच्या वतीनं बोलायचा!" हे सांगताना काकांचा आवाज चढतो. त्यांच्या स्वतःच्या कृती समितीत ते, काकू आणि वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आहेत, ज्यांना ऐकू येत नाही. काकूंनी राजीनामा दिलाय. तो अजून मंजूर झालेला नाही.

आणीबाणीत काका विशीत होते. नळाला पाणी नाही म्हणून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, तर संपादकांनी परत पाठवलं: नळाबद्दल लिहा, सरकारबद्दल नको. "मग नळ काय आपोआप आटला?" काका अजून विचारतात. वडिलांनी मात्र त्यांना महिनाभर आजोळी धाडलं. लोक मिसाखाली आत जात होते. नळापायी मुलगा जायला नको.

पुढे सरकारं आली, गेली. प्रत्येकाला वाटलं, हा समोरच्या पक्षाचा माणूस. ज्यांना काकांनी मत दिलं ते निवडून आले, पेढे घेऊन दारात उभे राहिले. काकांनी पेढा खाल्ला आणि तुंबलेल्या गटाराचं निवेदन त्यांच्या हातात ठेवलं. तेव्हापासून त्या पक्षालाही तसंच वाटतं.

2005 चा माहिती अधिकार कायदा मात्र काकांना साठीत सापडलेलं खेळणं वाटतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस, की उत्तर. परवा ओरडतच जिना चढून आले. गटारावर किती खर्च झाला, या प्रश्नाला उत्तर आलं होतं: 'सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.'

"अहो, मग मिळालं काय?"

"लेखी दिलंय! सही, शिक्का, जावक क्रमांक. पंचाहत्तर साली 'नाही' म्हणायलासुद्धा कोणी कागद द्यायचा नाही. आता अपील. वीस रुपयांचा स्टॅम्प आहे का घरात?"

होता. मागच्या खेपेला तेच ठेवून गेले होते.