बिनटपाची गाडी

गाडीचा टप काढायला किती घ्याल, असं नळदुर्गातल्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याला विचारा. तो दुपारपर्यंत टप कापून देईल, निघालेला पत्रा भंगारात घालेल आणि त्याच पैशातून तुम्हाला चहा पाजेल. माझ्या साडूनं हेच काम जर्मनीतून करून आणलं, त्याचे पाऊण कोटी मोजले. कंपनीचं नाव सांगत नाही. हप्ते अजून फिटायचेत.

साडू हे नातंच असं की त्याच्या वैभवाचं कौतुक आपल्याला सासूबाईंच्या देखत करावं लागतं. मीही केलं. म्हटलं, टप नाही म्हणजे गाडी हलकी असेल, ॲव्हरेज चांगलं देत असेल. साडू माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "उलट जड असते." आणि ते खरं आहे. छत हा गाडीच्या सांगाड्याचाच भाग. तो काढला की सांगाडा लवायला लागतो. म्हणून तळाला आणि दारांखाली जादा पोलाद घालावं लागतं. वर कापडी छताची घडी घालायला मोटर, पंप, नळ्या. म्हणजे छत काढल्याचे पैसे वेगळे, छत नसल्याच्या भरपाईचे वेगळे आणि छत परत घालायच्या सोयीचे आणखी वेगळे.

गंमत म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सगळं उलटं होतं. तेव्हा बहुतेक मोटारी उघड्याच असत आणि पक्क्या छताची गाडी ही पैसेवाल्यांची चैन होती. छत स्वस्त झालं, सगळ्यांच्या डोक्यावर आलं, तसं श्रीमंतांनी ते काढून टाकलं. अर्थात तेव्हाही खऱ्या बड्या माणसाला दिसायचंच असायचं. आमचा मुलूख ज्याच्या राज्यात होता त्या निजामाच्या घराण्याची १९१२ची पिवळी रोल्स रॉइस हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात ठेवली आहे. तिच्यात मागची बैठक सिंहासनासारखी उंच केलेली आहे. आताच्या पुढाऱ्यांचं भागतं थारवर. महिंद्रनं २०२०मध्ये नवी थार आणली तेव्हा कापडी हुडाचा प्रकारही ठेवला होता. हूड उतरवायचा, आत उभं राहायचं, हात जोडायचे. बुलडोझरमधून गुलाल पडला की काम झालं.

साडू पुण्याहून सासूबाईंना घेऊन आला. पुण्यापासून नळदुर्गापर्यंत छत बंदच होतं. कारण डिकीत एक आडवा पडदा असतो, तो खाली ओढल्याशिवाय छत उघडत नाही. घडी होऊन छत त्याच्यावरच झोपतं. आणि पडद्याच्या जागेत सासूबाईंचं पापडाचं पिंप होतं. पिंप आमच्या माजघरात उतरलं, तेव्हा कुठे साडूनं बटण दाबलं. मागचं झाकण उचललं, छतानं अंग चोरलं, घडी घातली आणि डिकीत जाऊन बसलं. गल्ली गोळा झाली. १३ सप्टेंबर १९४८ला निजामाविरुद्ध हिंदुस्थानची फौज सोलापूरच्या बाजूनं नळदुर्गात शिरली, त्यानंतर कुठल्या वाहनानं इथे एवढी खळबळ उडवली नसावी.

शेजारचे आजोबा काठी टेकत आले, आत डोकावले आणि हळूच मला म्हणाले, "टपाला पैसं कमी पडलं व्हय पाव्हण्याला?"

छत निघतं हे सासूबाईंना तर आत्ताच कळलं होतं. "जावईबापू, एवढं घालून उघडीच आणली?" त्यांनी पदर घट्ट घेतला आणि घरीच थांबणं पसंत केलं.

आम्ही दोघं सोलापूर रस्त्यानं अणदूरपर्यंत गेलो. खोटं कशाला बोलू, सुख होतं. भाद्रपदातलं आभाळ, दोन्ही बाजूंना तूर, ओल्या मातीचा वास, आणि डोक्यावर काही म्हणजे काही नाही. वारा केसातून जातो म्हणतात. मला तेवढे केस नाहीत, तरी गेला. साडू म्हणाला, थंडीत मानेमागून गरम वारा सोडायचीही सोय आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती सोय आम्हाला फुकट असते, हे मी त्याला सांगितलं नाही.

मग शेजारी ट्रक आला. या गाडीत माणूस इतका खाली बसतो की ट्रकचा क्लीनर वरून थेट आपल्या मांडीवरच्या भज्यांच्या पुड्यात बघू शकतो. आणि बघतो. त्याचा हॉर्न कानात नाही, छातीत वाजतो. डिझेलचा धूर तर आपल्यासाठीच सोडल्यासारखा येतो.

परतताना आभाळ फुटलं. छत घालायचं तर वेग पन्नासच्या आत हवा. आणि मागून येणाऱ्या टँकरला हे कोण सांगणार? कडेला घेतली. बटण छत पूर्ण बसेपर्यंत दाबून धरायचं असतं. साडूनं वर कुठवर आलं ते बघायला मान वळवली, बोट सुटलं आणि छत अर्ध्यात उभं राहिलं. पुन्हा दाबलं. ढिम्म. समोरच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली, आपल्या नजीकच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. ते आमच्यापासून जिल्हे ओलांडून. शेवटी कांद्याच्या टेम्पोवाल्यानं ताडपत्री दिली. वर दोरीची गाठही त्यानंच मारली.

तशीच गाडी नळदुर्गाच्या किल्ल्यापाशी लावली. बोरी धरण भरून सांडत होतं, किल्ल्यातले नर आणि मादी दोन्ही धबधबे जोरात होते. तिथला पाणीमहाल किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातच बांधलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली. नदी डोक्यावरून जाते, खिडकीबाहेर पाण्याचा पडदा पडतो आणि आतला माणूस कोरडा. पंप नाही, बटण नाही, लाल अक्षरं नाहीत. आम्ही दोघं तिथे निथळत उभे होतो. महालात त्या दिवशी जे काही पाणी सांडलं ते आमच्या शर्टांचं. तिथल्या फारसी शिलालेखाचा आशय असा सांगतात, की हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. साडूनं गाडी घेतली होती ती नेमकी याचसाठी. मी यातल्या कुठल्या गटात, हे त्यानं विचारलं नाही.

गाडी आता विकायची आहे. एकच मालक, जास्त चाललेली नाही, छत बहुतेक वेळा बसतं. घेणाऱ्यानं कृपया पावसाळ्यातच बघायला यावं, म्हणजे मागाहून तक्रार नको. छत उघडायचं असेल तर पापडाचं पिंप डिकीत बसणार नाही. ताडपत्री मिळेल.