मुदतवाढीचा बहार

स्वच्छ अक्षर आणि वेळेवर भरलेले रिटर्न यांसाठी शेंदूरजनाघाट आपल्याला ओळखते, असा प्रस्तुत लेखकाचा समज आहे. निवृत्त शिक्षक असल्याने 'शेवटच्या तारखेची वाट पाहणारे लोक' हा त्याच्या भाषणाचा आवडता विषय. श्रोते बहुधा सलूनच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेले, म्हणजे पळू न शकणारे.

27 मे 2025 ला सरकारने प्राप्तिकर रिटर्नची 31 जुलैची मुदत 15 सप्टेंबरपर्यंत वाढवली. लेखक तुच्छतेने हसला आणि निवांत झोपला.

आता संत्र्याबद्दल बोलणे भाग आहे; वरूड तालुक्यात कुठल्याही विषयात ते भागच असते. मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडतात. झाड मलूल होते आणि पावसाचे पाणी लागले की फुलून येते. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच जाते. किती पुरे, हे लेखकाच्या वडिलांना पानाच्या रंगावरून कळे. प्राप्तिकर खातेही असाच ताण देते. फरक एवढाच, की ते ऐन वेळी पाणी सोडते. 2020 च्या करोनात तर तीनदा सोडले: 30 नोव्हेंबर, 31 डिसेंबर, मग 10 जानेवारी.

शेजारच्या नर्सरीवाल्याला यातले काहीच नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून विकलेले कलम कायद्याने शेतीचेच उत्पन्न, करमुक्त. लेखकाला मात्र पेन्शन, वर वाटणीत आलेली बाग. शेतीचे उत्पन्न पाच हजारांवर गेले की सोपा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो.

तर 15 सप्टेंबरच्या रात्री हे वक्तशीर गृहस्थ पडद्यावर गरगरणाऱ्या चाकाकडे बघत, पाच हजारांच्या विलंब शुल्काला भीत, घामाघूम बसले होते. अकरा चाळीसला रिटर्न गेले. मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली: मुदत आणखी एक दिवस.

एक दिवस! संताप उशीर करणाऱ्यांचा नव्हता. आपण त्यांच्यातलेच निघालो, याचा होता.

सकाळी बागेत गेला तर पावसाने आंबिया बहाराची फळे गळून झाडाखाली सडा पडलेला. नर्सरीवाला आधीच वाकून सडकी फळे टोपल्यात भरत होता.

"सर, हे गळलेलं कोनत्या रकान्यात भरता जी?"

करमुक्त उत्पन्नाचा तक्ता वेगळा असतो, हे सांगायला लेखकाने तोंड उघडले. मग चप्पल बांधावर काढून तोही वेचू लागला.