सन्मानपूर्वक नारळ

बिद्रीत साखर कारखान्याचा पट्टा पडला की हंगामी कामगार आपसूक घरी जातो. त्यात सन्मान तो कसला? सन्मानानं घरी पाठवायची कला खरी फुलवली ती आमच्या पेठेतल्या एका मालकांनी. परवा त्यांनी सतरा वर्षं राबलेल्या दिवाणजींना फेटा बांधला, शाल पांघरली, तांबडा-पांढरा वाढला आणि हाती नारळ दिला. अक्षरशः. कायद्यातली महिन्याची नोटीस, वर्षामागे 15 दिवसांचा पगार, ग्रॅच्युइटी असल्या रुक्ष गोष्टींनी सोहळ्याचं मांगल्य बिघडू दिलं नाही. दिवाणजी गहिवरले. निघताना मालकांनी हळूच थांबवलं, “फेटा नि शाल तेवढी ठेवून जावा. सोमवारी अजून दोघांचा सत्कार हाय. नारळ ऱ्हाऊ दे.”