मौजे टेकापोची पीकपाहणी

पूर्वी विलायतेहून परतलेल्या मनुष्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे; हल्ली ते त्याच्या भेटीस जाणाऱ्यांस घ्यावे लागते. लेक-जावयाकडे परदेशी राहून आलेले निवृत्त आईबाप हा जो नवा वर्ग महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून उदयास आला आहे, त्याचा एक अस्सल नमुना लोणार तालुक्यातील आमच्या बीबी गावी, मेहकर-जालना रस्त्याला लागून असलेल्या एका दुमजली घरात नांदत असून, त्या घरावरून ‘सहज’ जाणारा मनुष्य गावात आता उरलेला नाही.

आप्पांची हयात महसूल खात्यात गेली. वऱ्हाडातली जुनी माणसे ज्याला अजून पटवारी म्हणतात त्या पदावर ते रुजू झाले आणि मंडल अधिकारी होऊन निवृत्त झाले. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि पंचनामा या चार वेदांपलीकडे ज्ञान असू शकते, हे त्यांनी तत्त्वतः कधी अमान्य केले नाही. फक्त त्याची गरज त्यांना कधी भासली नाही. अशा पुरुषास कन्येने न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बोलावून घेतले आणि जावयाने क्राइस्टचर्चपासून मिलफर्ड साउंडपर्यंत मोटारीने रमतगमत हिंडवून आणले, तेव्हा त्यांनी सृष्टिसौंदर्याची जी छायाचित्रे काढली ती सारी, ज्याला जे येते तेच तो करतो या न्यायाने, स्थळपाहणीची मिसल होऊन बसली.

सलामीचे चित्र विमानतळावरचे असून त्यात आप्पांचे केवळ जोडे आहेत. त्या देशात परकी बीज आणि परकी माती यांना सक्त मज्जाव असल्याने तेथील अंमलदाराने तळव्यांना चिकटलेली काळी माती पाहून जोडे धुण्यास नेले, आणि आप्पांनी ते स्वच्छ होऊन परत मिळताच त्यांचे छायाचित्र घेतले. “आपल्या शिवारातली माती,” ते सांगतात, “जागेवर पंचनामा न करता जप्त केली!” आवाजात तक्रारीपेक्षा अभिमान अधिक असतो. खात्याच्या मनुष्याला दुसऱ्या देशातले कडक खाते पाहून जे समाधान होते, ते हिमशिखरे पाहून होत नाही.

तेथून पुढे प्रत्येक चित्रात काकू उभ्या आहेत. नऊवारी, त्यावर कन्येचे जाकीट, डोक्याला लोकरीची टोपी आणि चेहऱ्यावर पंच म्हणून बळेच बोलावून आणलेल्या इसमाची उदासीनता. टेकापो सरोवराच्या काठी 1935 साली बांधलेले दगडी प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या दारी काकू. त्याच काठावर मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या गौरवार्थ उभारलेला कुत्र्याचा पुतळा आहे. त्याच्याही शेजारी काकू. आप्पा चित्र दाखविताना आधी चतुःसीमा सांगतात, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, आणि मगच मधल्या मिळकतीकडे वळतात. काकूंच्या पलीकडे पसरलेल्या कुरणाची आणेवारी त्यांनी नजरेनेच काढून ठेवली आहे. त्या देशात 1982 साली सात कोटी मेंढ्या होत्या आणि आता त्या अडीच कोटींच्याही आत आल्या आहेत, हे जावयाने सांगितल्यापासून मात्र त्यांचा चेहरा थोडा गंभीर झाला. दुष्काळ जाहीर न होता इतका जित्राबांचा ऱ्हास त्यांच्या सेवाकाळात झाला नव्हता.

पुकाकी सरोवराचे पाणी निळे का, याचा उलगडा ते शास्त्रोक्त करतात: हिमनद्या खडक दळतात, ते पीठ पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाशाचा रंग पालटतो. काकूंचे मत, कोणीतरी पाण्यात नीळ जास्त टाकली आहे. पाहुणे मान डोलावतात ते काकूंच्या बाजूने. पण सरोवर कितीही सुंदर असो, आप्पांचा अखेरचा शेरा ठरलेला: “हे बर्फाने खणलेलं. आपलं लोणार उल्केनं, तेही बेसाल्टमध्ये. 2020 च्या जूनमध्ये आपलं पाणी गुलाबी झालं होतं. यांचं झालंय का कधी?” बीबीहून थोड्याशा अंतरावरील त्या विवरात आप्पा शेवटचे कधी उतरले होते, हे विचारण्याची प्राज्ञा आमच्यापैकी कोणाची नाही.

वानाकाच्या सरोवरात पाण्यामध्ये एकटाच उभा असलेला विलोवृक्ष पाहावयास जगभरचे प्रवासी लोटतात. आप्पांनी त्याची निरनिराळ्या बाजूंनी चित्रे घेतली, ती सौंदर्यासाठी नव्हेत. जलाशयाच्या हद्दीत झाड कोणाच्या नावे, याचा निकाल त्यांना जागेवर लागला नाही, एवढ्यासाठी.

मिलफर्ड साउंडचे चित्र मात्र या मिसलीचा कळस होय. तेथे वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्या जिल्ह्यात सातआठशे पडला तरी लोक एकमेकांना पेढे देतात. दांपत्य पोहोचले त्या दिवशी आभाळाने वार्षिक कोट्यातील मोठा हिस्सा वसूल केला. चित्रात वर करडे धुके, खाली करडे पाणी आणि मध्ये छत्री. छत्रीखाली काकू आहेत असे आप्पा प्रतिज्ञेवर सांगतात. याच चित्रावर ते सर्वाधिक काळ थांबतात. “इथे,” कोऱ्या धुक्यावर बोट टेकवून ते म्हणतात, “मायटर शिखर आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा थोडंसंच उंच.” आम्ही शिखर पाहतो. न पाहून करतो काय. चहा अजून यायचा असतो.

या साऱ्यात जावई कोठेही नाही. मोटार त्याने हाकली, इंधन त्याने भरले, दोघांचे जोडीचे चित्र त्यानेच टिपले. पण दप्तरात त्याचा दाखला म्हणून एका गवताळ उतारावर पडलेली लांबट सावली काय ती आहे, आणि तीही आप्पांनी काठाकाठाने कातरून टाकण्याचा यत्न केला होता. काकूंनी अडविले. “अवो, राहू द्या की. तेवढाच तर आला लेकरू.”

काकूंचा प्रवास निराळाच घडला असावा अशी मला शंका आहे. स्वयंपाकघरात बायकांच्या घोळक्यात त्या जे सांगतात त्यात सरोवरे नसतात. एका खेड्यातल्या बेकरीतल्या बाईने त्यांच्या नऊवारीचा काष्टा कसा घालतात हे शिकून घेतले, रस्त्यात अरुंद पुलांवर समोरचा मोटारवाला थांबून हात कसा हलवी, लेकीच्या घरी पोळपाट नव्हता तेव्हा त्यांनी पोळ्या कशावर लाटल्या, असली हकिकत असते. यातल्या कशाचेच चित्र नाही. आप्पा म्हणतात, पुराव्याअभावी ही माहिती ग्राह्य धरता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या साम्राज्यावर स्वारी झाली. पेठेतला एक सधन अडत्या सपत्नीक युरोप पाहून आला. दहा दिवसांत सात देश, सहलवाल्यांच्या बसमधून, आणि चित्रे इतकी की फोन तापला. तो आपण होऊन आप्पांच्या ओसरीवर आला. आप्पांनी चष्मा लावून निमूटपणे सारे पाहिले. आयफेल मनोरा बसच्या काचेतून, आल्प्स बसच्या काचेतून, एका चित्रात पुढच्या सीटवरील इसमाचे टक्कल आणि त्यामागे, अडत्याच्या म्हणण्यानुसार, ऑस्ट्रिया. गाव श्वास रोखून बसले होते. आप्पांनी फोन परत दिला, चष्मा पुसला आणि हयातभर वापरलेल्या त्या संथ सुरात निकाल दिला: “अर्जदाराने समक्ष पाहणी केलेली दिसून येत नाही. सबब नोंद रद्द. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.”

अडत्या दुसऱ्याच दिवशी हरकत घेऊन आला. सोबत त्याची बायको होती आणि तिच्या फोनमध्ये आणखी तीनशे चित्रे.