कंसातला माणूस

नाटक बसवायला पैसे नसले की त्याचं वाचन करतात, आणि वाचनाला पंधरा-वीस माणसं जमली की त्यालाच अभिवाचन म्हणतात. पुण्यात हा प्रकार आता चांगला रुळलाय. चार खुर्च्या, चार पाण्याच्या बाटल्या, काळे कुर्ते आणि हातात झेरॉक्स. श्रोते डोळे मिटून ऐकतात. ते नाटक मनश्चक्षूंनी बघताहेत की त्यांची डुलकी लागलीय, हे बाहेरून कळायची सोय नसते, त्यामुळे लेखक खूश असतो. शेवटी चर्चा होते. "मला यातला अवकाश भावला," असं कुणीतरी म्हणतं. मग चहा.

आमच्या उत्रोलीला हे माहीत नव्हतं. भोरला खेटून असलेलं आमचं गाव. यात्रेतला तमाशा आम्ही पाहिलाय, वगातल्या राजाला नाव घेऊन हाका मारल्यात. एमआयडीसी येणार, एमआयडीसी येणार हे नाटक तर आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्याचा पडदा अजून वर जायचाय. पण खुर्चीवर बसून कागदातलं नाटक वाचून दाखवणारी माणसं गावानं पाहिली ती राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. त्यात हिवाळ्यात कॉलेजची पोरं सात दिवस खेड्यात येऊन राहतात. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. आमच्याकडे आलेली तुकडी दिवसा ओढ्यावर वनराई बंधारा घालत होती. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची आणि थर रचायचे. पहिल्या दिवशी पोरांनी गोण्या अशा रचल्या की पाणी त्यांना वळसा घालून, जराही न दुखावता निघून गेलं. मग आमचे आबा खाली उतरले.

यातल्या काही पोरांनी एकांकिका लिहिल्या होत्या. पुण्यात पोरगं कॉलेजात गेलं की ऑगस्टच्या सुमाराला त्याला पुरुषोत्तम करंडकाचा ताप चढतो. महाराष्ट्रीय कलोपासकची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात पोरं बेंबीच्या देठापासून आवाज कुणाचा ते विचारतात आणि आपल्याच कॉलेजचं नाव उत्तरादाखल सांगतात. त्या गदारोळात एखादी बरी एकांकिका थोर वाटते आणि एखादी थोर एकांकिका ऐकूच येत नाही. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं, आणि तरुण पिढीचं कसं होणार यावर पुण्यात महिनाभर चर्चा झाली. पुण्याला तेवढंच निमित्त लागतं. पण करंडक एक आणि कॉलेजं भारंभार. जी एकांकिका पहिल्याच फेरीत गारद होते किंवा कॉलेजातल्या निवडीतच मरते, तिचं काय करायचं? ती पोरं वाचून दाखवतात. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक रीतसर शिकवतात, पण आमच्याकडे आलेली मंडळी कॉमर्सची आणि कॉम्प्युटरची. त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास शाबूत होता.

"काका, आम्हाला रॉ ऑडियन्स हवाय," त्यांच्यातला म्होरक्या मला म्हणाला. मी एके काळी पुण्यात शिकलो आणि कॉलेजच्या एकांकिकेत नेपथ्यातला ठोकळा हलवून दुसरीकडे ठेवायचं काम केलं, या पुण्याईवर गावात मला नाटकातला माणूस समजतात. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये मुंबईची हौशी मंडळी एका गावात प्रयोगाला जातात आणि तिथला सामंत नावाचा भला माणूस त्यांना दार उघडून देतो, पानं-सिगारेटी आणून देतो. माझी नेमणूक सामंत म्हणूनच झाली. सभामंडपाची किल्ली, सतरंज्या आणि माइक.

माइक भजनी मंडळाचा. त्याच्या अँप्लिफायरवर एको नावाचा एक खटका आहे. मृदंग घुमावा म्हणून बुवांनी तो जिथं लावलाय, तिथं त्यावर सेलोटेप मारलीय आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असा गावाचा अलिखित ठराव आहे.

हरिपाठ आटोपला. माणसं उठायच्या आत पोरांनी खुर्च्या मांडल्या, त्यामुळे गर्दी आयती मिळाली. रंगसूचना वाचायला एक लाजाळू मुलगा बसवला होता. त्याला एकही भूमिका जमत नव्हती, म्हणून हे काम. पण पोरगा कामाला चोख. कागदावर जे जे होतं ते ते तो वाचायचा. "कंसात. अंधार. कंस पूर्ण," तो म्हणाला, आणि एकोनं "पूर्ण, पूर्ण, पूर्ण" करत ते गाभाऱ्यापर्यंत नेलं.

पहिल्या एकांकिकेत 'तो' आणि 'ती' अशी दोनच पात्रं होती. नावं नाहीत, आडनावं नाहीत.

"मी कोण आहे?" तो म्हणाला. कोण आहे, कोण आहे, आहे.

"रामकृष्णहरी," मागून कुणीतरी भाविकपणे म्हणालं.

"कंसात. दीर्घ शांतता. कंस पूर्ण," रंगसूचनावाला म्हणाला आणि खरोखरच सगळे गप्प बसले. पुण्यात अशा शांततेत श्रोते अंतर्मुख होतात. इथं आबांनी वाट पाहिली, घसा खाकरला आणि म्हणाले, "बोला की आता. लय येळ झाला." ती गडबडून आपलं वाक्य म्हणाली. पुढची प्रत्येक दीर्घ शांतता त्यांनी आपणहून आखूड केली, आणि एकांकिका सुधारली, हे मला नोंदवलंच पाहिजे. खांबाला टेकून बसलेल्या एका आजींना मात्र निराळीच काळजी. "आगं, मघाधरनं कंस कंस चाललंय," त्यांनी शेजारणीला विचारलं. "किसनद्येव कवा यायचा?"

दुसरी एकांकिका शेतकऱ्यावर होती. एकांकिका लिहिणाऱ्या पोरांच्या शेतकऱ्याला जमीन थोडी आणि आभाळ फार असतं. हाही दर दोन मिनिटांनी कंसात आभाळाकडे बघत होता.

"मोबाईलात बघ की हवामान," एक जण म्हणाला.

शेतकऱ्याच्या घरची चूल विझली, तेव्हा बायकांनी गॅस कुठं गेला म्हणून विचारलं. त्यानं भर दिवाळीत भातलावणी केली, तेव्हा तर मंडपात खळबळ उडाली. भोर-वेल्ह्याकडं भात म्हणजे जीव की प्राण. आखाडातली चिखलणी, गुडघाभर पाण्यात वाकून लावलेली रोपं, मग दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडपणी. आवाज कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. पाच-सहा बायका एकदम बोलत होत्या. लेखकाच्या हातात झेरॉक्स थरथरत होती. चेखवच्या 'द सीगल'मध्येही एक तरुण लेखक खेड्यातल्या बागेत आपलं नवं नाटक करून दाखवतो. दोन लाख वर्षांनंतरच्या जगाचं. त्याची आई मध्ये मध्ये शेरे मारते आणि तो चिडून पडदा पाडायला लावतो. खुद्द 'द सीगल'चा पहिला प्रयोगही १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्रेक्षकांनी उधळून लावला होता. आमच्या लेखकाला चिडून पाडायला पडदाही नव्हता. त्यानं पेन काढलं आणि समोरच्या मावशींना विचारलं, "मग दिवाळीत काय करतात?" पुढची दहा मिनिटं मावशी बोलत होत्या आणि तो झेरॉक्सच्या पाठीवर लिहून घेत होता. अख्ख्या एकांकिकेपेक्षा ही दहा मिनिटं रंगली.

तिसरी एकांकिका एका मुलीची होती. सात दिवस ती पोरगी फारशी बोललीच नव्हती, आणि ती वेल्ह्याकडची आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आता त्या तालुक्याला राजगड म्हणायचं, पण जिभेला वेल्हंच सवयीचं. तिच्या नाटकात दोन भाऊ आणि मध्ये एक बांध, एवढंच. थोरला दर साली नांगरताना बांध थोडा थोडा कोरतो. धाकटा बघतो आणि बोलत नाही. त्याची बायको बोलते.

पहिल्या दोन वाक्यांतच मंडप चिडीचूप झाला. तंबाखू मळणारे हात थांबले. कंसातला माणूस म्हणाला, "कंसात. मध्यरात्र. थोरला हद्दीचा दगड उपटतो आणि दोन पावलं सरकवून परत रोवतो. कंस पूर्ण."

पूर्ण, पूर्ण, पूर्ण.

आमच्याकडं दोन शेजारी आहेत. नावं घेत नाही, दोघंही वाचतात. त्यांच्या बांधाचा वाद त्यांच्या वडलांपासून आलाय. सरकारी मोजणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा दोघांनाही पटली नाही. त्यातला एक जण सावकाश उठला.

"ह्ये कुणी लिवून दिलं?"

"मीच लिहिलंय, काका," मुलगी म्हणाली.

"तुला कसं ठावं दगड रातचा हलला त्ये?"

"म्हंजी हलला!" दुसरा तिकडून उठला. "सगळ्यांनी ऐकलं का? ह्यो सोता म्हणला!"

"म्या नाटकातलं म्हणलो!"

"नाटकात कुटं हाय रातचं?"

"हाय," कंसातला पोरगा माइकवरून प्रामाणिकपणे म्हणाला. "मध्यरात्र."

२००७ साली सरकारनं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तेव्हापासून आमच्याकडं समिती आहे. तिची इतकी भरगच्च बैठक कधी झाली नव्हती. वाचन बाजूला राहिलं. कुणी नकाशा काढायला धावलं, कुणी वडलांच्या शपथा घातल्या. म्होरक्या माझ्या कानाशी लागला, "काका, हे इम्प्रोव्हायझेशन आहे का?" मी म्हटलं, "मोजणी आहे. तुम्ही थांबा."

शेवटचं पान वाचायचं राहून गेलं होतं. ते वाचू द्यावं असा आजींनी आग्रह धरला, कारण धाकट्याच्या बायकोचं काय झालं ते त्यांना कळायलाच हवं होतं. मुलीनं ते वाचलं. नाटकात बांध तिथंच राहतो, भाऊ बोलायचे थांबतात, बस्स.

"पडदा," पोरगा म्हणाला. घाईत कंस विसरला. कुणी जागचं हललं नाही.

कार्यक्रमाचा अध्यक्षही मीच, म्हणून दोन शब्द बोलायला उठलो, तेवढ्यात आबांनी हात वर केला. "वाचून झालं, ठीक हाय. आता नाटक कवा हाय?"

हेच नाटक होतं, असं म्होरक्यानं सांगून पाहिलं. आबांना ते मान्य झालं नाही. यात्रेला बसवा, म्हणाले, मांडवाचं आम्ही बघतो. त्या मुलीला त्यांनी चैत्रातली तारीखच देऊन टाकली. वर्गणीचा विषय निघाला, तसा मघाशी भांडत उठलेला पहिला शेजारी पुढं झाला आणि एक हजार एक रुपये जाहीर केले. थोरल्याचं काम आपल्या भावकीत कुणाला द्यायचं नाही, एवढीच त्याची अट. दुसऱ्यानं लगेच दोन हजार सांगितले, आणि शेवटच्या पानावर सरकारी मोजणी आणून दगड मूळ जागी घेता आला तर रोख देतो म्हणाला. मुलीनं विचार करून सांगते म्हटलं. कंसातला पोरगा तोवर पावतीबुक शोधत होता.